छपरावरची दिशा : घरच्या अँटेनाचा इतिहास



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला तीन वर्षे लाभले. त्यांच्या नावाच्या या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे विषय मांडले गेले आहेत. मी मात्र आज आपल्यापुढे ॲल्युमिनियमच्या काही नळ्यांचा इतिहास ठेवणार आहे. इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह यांची अपेक्षा धरण्याची आपल्याला सवय आहे, आणि गायकवाडी राजधानीत राहणाऱ्यांना तर ती जरा जास्तच आहे. परंतु आपल्या घरांच्या छपरांवर जवळजवळ चाळीस वर्षे जी वस्तू उभी होती, जिच्यासाठी आपण पावसात गच्चीवर चढलो, शेजाऱ्यांशी भांडलो आणि पुन्हा त्याच शेजाऱ्यांना चित्रपट पाहायला घरी बोलावले, तिचा इतिहास कोणी लिहिलेला माझ्या वाचनात नाही. सर असते तर ते काम त्यांनीच केले असते. त्यांच्या पश्चात त्यांची एक वही माझ्याकडे आली. तिच्या आधाराने मी हे धाडस करीत आहे.

१९७५ साली मी आठवीत होतो. त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा उद्योगशाळेच्या टेबलावर सर ॲल्युमिनियमच्या नळ्या कापत बसलेले आम्हाला दिसले. एक नळी दुमडून तिची लांबट पेटीसारखी आकृती केली होती, आणि बाकीच्या सरळ नळ्या एका आडव्या दांडीवर ठराविक अंतराने बसवायच्या होत्या. आम्हाला वाटले, सर माशाचा सांगाडा करीत आहेत. त्यांनी फळ्यावर गणित मांडले. प्रकाशाचा वेग कंप्रतेने भागला की लहरलांबी मिळते. ६२ मेगाहर्ट्झची लहर साधारण ४.८ मीटर लांबीची, म्हणून तिच्यासाठीची मुख्य नळी तिच्या निम्म्याहून किंचित कमी. मागची नळी थोडी लांब, ती आरशाचे काम करते; पुढच्या नळ्या थोड्या आखूड, त्या लहरीला वाट दाखवतात. "बाजारातून आणलेल्या वस्तूत आणि केलेल्या वस्तूत फरक एवढाच," सर म्हणाले, "की केलेली वस्तू बिघडली तर तिच्यावर रागावता येत नाही."

त्या नळ्यांचा शोध कुठे लागला, हे सरांनी त्या दिवशी सांगितले नव्हते. मला ते पुढे महाविद्यालयात शिकवू लागल्यावर कळले, आणि ती हकीकत इतकी विलक्षण आहे की थोडे विषयांतर पत्करूनही सांगतो. जपानमधील सेंदाई येथल्या तोहोकु विद्यापीठात शिंतारो उदा आणि त्यांचे वरिष्ठ प्राध्यापक हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ च्या सुमारास ही रचना सिद्ध केली. बहुतेक काम उदांचे होते. परंतु इंग्रजीतला प्रसिद्ध निबंध १९२८ मध्ये यागींनी लिहिला आणि जगभर नाव यागींचे झाले. गुरू-शिष्यांच्या नात्यात असे होते, त्यावर अधिक बोलत नाही. खुद्द जपानमध्ये या शोधाची फारशी दखल घेतली गेली नाही. १९४२ मध्ये सिंगापूर जपानी सैन्याच्या हाती पडले तेव्हा एका ब्रिटिश सैनिकाची रडारविषयीची टिपणवही त्यांना सापडली. तीत 'यागी' हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता आणि त्याचा अर्थ जपानी अधिकाऱ्यांना लागेना. युद्धकैद्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, हे तर तुमच्याच एका प्राध्यापकाचे नाव आहे! आपल्या दृष्टीने याहून जवळची गोष्ट म्हणजे उदा स्वतः १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात युनेस्कोचे तज्ज्ञ म्हणून दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत येऊन राहिले होते. ज्याने तो सांगाडा घडवला तो माणूस, भारतात दूरचित्रवाणी सुरू होण्याच्या अगदी उंबरठ्यावर, आपल्या देशात होता.

दिल्लीचे ते पहिले प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाले. प्रक्षेपक छोटा, पल्ला चाळीस किलोमीटरच्या आतबाहेर, आणि पाहणारे म्हणजे मंडळांमधून गोळा केलेले लोक. रोजचे नियमित प्रक्षेपण १५ ऑगस्ट १९६५ पासून. मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ रोजी केंद्र आले आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून मुंबईचे चित्र पुण्याला पोहोचले. तानाजीच्या गडावर दूरचित्रवाणीचा मनोरा चढला, ही गोष्ट सरांना फार आवडे. ते म्हणत, उंचीचे महत्त्व शिवाजी महाराजांइतके आता अभियंत्यांना कळते आहे. यात केवळ विनोद नाही. या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. शंभर मीटर उंचीच्या मनोऱ्याचे रेडिओ-क्षितिज सुमारे एकेचाळीस किलोमीटरवर येते आणि दहा मीटर उंचीच्या आपल्या छपराचे तेरा किलोमीटरवर. ही दोन क्षितिजे जिथे भेटतात तिथपर्यंत स्वच्छ चित्र. त्यापलीकडे जे मिळेल ते नशिबाने.

वडोदऱ्याच्या नशिबी तेव्हा काय होते? मुंबई सरळ दक्षिणेला साडेतीनशे किलोमीटरवर. अहमदाबाद वायव्येला शंभर किलोमीटरवर. आणि त्याच वायव्य दिशेला, सुमारे पन्नास किलोमीटरवर, नडियादजवळ पीज नावाचे एक गाव.

पीजचे नाव आज नव्या पिढीला सांगावे लागते. विक्रम साराभाईंचे स्वप्न असे होते की खेड्यातल्या माणसाला शहराच्या आधी दूरचित्रवाणी मिळावी. ते १९७१ मध्ये गेले; परंतु १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह भारताने उसना घेतला आणि सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत चित्र उतरवले. तो उपग्रह अमेरिकेवरून हलवून पूर्व आफ्रिकेच्या डोक्यावर आणला होता. त्या खेड्यांत लावलेला अँटेना आमच्या नळ्यांचा नव्हता. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटर व्यासाची थाळी होती. या प्रयोगाचे कार्यक्रम व्यवस्थापक एकनाथ वसंत चिटणीस हे मराठी गृहस्थ होते, याचा सरांना केवढा अभिमान! त्या काळात घरी उपग्रहाची थाळी बसवून घेणारा जवळजवळ एकमेव खाजगी प्रेक्षक म्हणजे कोलंबोत राहणारे लेखक आर्थर क्लार्क. उपग्रहाद्वारे जगभर प्रक्षेपण करता येईल हे त्यांनी १९४५ मध्येच लिहून ठेवले होते, म्हणून भारताने त्यांच्या घरी ती यंत्रणा भेट म्हणून बसवून दिली.

याच प्रयोगाचा दुसरा हात म्हणजे पीजचा एक किलोवॉटचा प्रक्षेपक. खेडा जिल्ह्यातल्या चारशेहून अधिक गावांत सामुदायिक संच ठेवले होते, पुष्कळ ठिकाणी दूध सहकारी मंडळीच्या इमारतीत. संध्याकाळी दूध घालायला आलेली माणसे तिथेच बसून चित्र पाहात. कार्यक्रम चरोतरच्या बोलीत, तिथल्याच प्रश्नांवर: हुंडा, अस्पृश्यता, मजुरी, शेती. उपग्रह ठरल्याप्रमाणे १९७६ मध्ये परत गेला. पीज मात्र चालू राहिले, आणि १९८४ मध्ये या प्रकल्पाला ग्रामीण संज्ञापनासाठी युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

आता हे कार्यक्रम आमच्यासाठी नव्हतेच. आम्ही शहरी, आम्ही मराठी, आणि पीजच्या पल्ल्याच्या काठावर. परंतु सरांच्या दांडिया बाजारातल्या वाड्यावर वीस फुटी लोखंडी नळावर तो माशाचा सांगाडा चढला, त्याच्या बुडाशी चिमुकला बूस्टर बसला, चपटी दोन तारांची पट्टी खिडकीतून आत आली, आणि लाकडी कपाटासारख्या संचाची सरकती दारे उघडली गेली. एक जण छपरावर, एक जिन्यात, एक संचापुढे. "आलं का?" "नाही!" "आता?" "आलं, आलं, थांब... गेलं!" हा संवाद त्या काळात वाढलेल्या प्रत्येकाला पाठ असेल. शेवटी मुंग्यांच्या पडद्याआड एक म्हैस दिसली. आम्ही टाळ्या वाजवल्या. माझ्या आयुष्यातले दूरचित्रवाणीचे पहिले दृश्य म्हणजे खेडा जिल्ह्यातली ती म्हैस होय, आणि त्यानंतर मी जे काही पाहिले त्यातले फार थोडे तिच्याइतके लक्षात राहिले.

सरांच्या मातोश्रींना आम्ही सगळे आजी म्हणत असू. पन्नास वर्षे वडोदऱ्यात काढून त्या भाजीवालीशी घासाघीस गुजरातीतच करीत, पण संध्याकाळी संचापुढे बसल्या की म्हणत, "अरे, याच्यात आपलं कीर्तन कधी लागायचं?" सरांनी त्यांना वायव्य आणि दक्षिण यांतला भेद समजावून सांगितला. आजींनी तो ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "मग फिरव की दक्षिणेकडे." झाले. त्या एका वाक्याने सरांच्या पुढच्या पाच-सहा वर्षांच्या रात्री खर्ची पडल्या.

दुसरा अँटेना १९७६ च्या हिवाळ्यात तयार झाला. तो पहिल्यापेक्षा लांब, अधिक नळ्यांचा, आणि मुंबईच्या कंप्रतेला जुळवलेला. तो दक्षिणेकडे तोंड करून उभा राहिला तेव्हा शेजारच्या काकूंनी हरकत घेतली की यमाच्या दिशेला असे काही रोखून ठेवू नये. आजींनीच त्यांना परस्पर उत्तर दिले, मारुतीसुद्धा दक्षिणमुखी असतो. गल्लीत त्या अँटेनाचे नाव 'मारुती' पडले ते कायमचे.

साडेतीनशे किलोमीटरवरचे चित्र दिसणे नियमाप्रमाणे अशक्य. तरी कधी कधी निसर्ग नियमात सूट देतो. एरवी हवा वर जावे तशी थंड होत जाते. परंतु पावसाळ्यापूर्वीच्या काही शांत रात्री समुद्रालगत गार दमट हवेवर गरम कोरड्या हवेचा थर पसरतो आणि त्या थराखाली लहरी वाकून क्षितिजापलीकडे जातात. मुंबई आणि आपल्यामध्ये किनारा आणि खंभातचे आखात असल्याने या खेळाला थोडा वाव होता. सर रोज रात्री जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे 'मारुती'पुढे बसत आणि वहीत नोंद करीत: तारीख, वारा, उकाडा, दिसले काय. वहीत ओळीमागून ओळी एकच शब्द आहे: 'काही नाही'. मी तेव्हा अकरावी-बारावीच्या शहाणपणात होतो. एकदा मी त्यांना म्हणालो, "सर, यात वेळ फुकट जातो." ते रागावले नाहीत. "अरे, न दिसणं हीसुद्धा नोंदच आहे," एवढेच बोलले. ते वाक्य मी पुढे तीस वर्षे माझ्या विद्यार्थ्यांना सांगितले आणि दरवेळी सांगताना मला स्वतःचा तो उद्धटपणा आठवला.

मे १९७९ मधली एक नोंद मात्र अर्धे पान भरून आहे. त्या रात्री मी तिथे होतो. आधी आवाज आला. खरखरीत नव्हे, चक्क स्वच्छ, आणि मराठी. मग आडव्या पट्ट्यांमधून एक चेहरा सावकाश घट्ट झाला. बातम्या चालल्या होत्या. सरांनी हाक मारली, आजी स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी आल्या आणि उभ्याच राहिल्या. वाड्यातली माणसे जमली. गुजराती शेजारीही आले. बातमीत विशेष काही नव्हते, कुठल्याशा धरणाचे आणि कुठल्याशा बैठकीचे वृत्त होते. एकोणीस मिनिटांनी चित्र विरघळले. आजी म्हणाल्या, "कीर्तन नव्हतं, पण बोलणं आपलं होतं." वहीत पुढल्या सहा वर्षांत अशा दहा नोंदी आणखी आहेत, एकोणीस मिनिटांच्या जवळपास एकही जात नाही.

असे दुसऱ्याचे चित्र पकडण्याचे उद्योग केवळ आम्हीच करीत नव्हतो. अमृतसरच्या छपरांवर लाहोरकडे तोंड केलेले अँटेना होते, आणि १९७३ मध्ये अमृतसरला आपले केंद्र उभारण्यामागे तेही एक कारण होते. १९८२ मध्ये श्रीलंकेची रूपवाहिनी सुरू झाली तेव्हा दक्षिणेच्या किनाऱ्यावरची घरे कोलंबोकडे वळली. सीमा आखणाऱ्यांच्या नकाशात छपरांची ही तोंडे कुठेच दाखवलेली नाहीत. एखाद्या वस्तीचे मन कुठे आहे, हे त्या काळी गच्चीवर उभे राहून होकायंत्राने मोजता आले असते, असे मला वाटते. बेळगावच्या किंवा इंदूरच्या मराठी घरांत त्या वेळी काय चालले होते याची कोणी चौकशी करील तर मोठे काम होईल.

यापुढचा भाग आपल्यापैकी बहुतेकांच्या आठवणीत आहे, म्हणून भरभर सांगतो. १५ ऑगस्ट १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंग. त्याच वर्षाअखेर एशियाड. एप्रिलमध्ये गेलेला इन्सॅट-१ए सप्टेंबरात निकामी झाला. १९८३ च्या ऑगस्टअखेर गेलेल्या इन्सॅट-१बीने काम तडीस नेले. या इन्सॅट-१ प्रकल्पाच्या अवकाशातील भागाची धुरा वाहणारे प्रमोद काळे याच शहरातून मॅट्रिक झाले आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदार्थविज्ञानाचे पदवीधर होते. १९८४ मध्ये तर देशभर दिवसाला जवळजवळ एक या वेगाने लहान प्रक्षेपक उभे राहिले. त्या लाटेत आमच्याही गावात जवळच्या मनोऱ्यावरून दिल्ली दिसू लागली, 'हम लोग' आले, आणि छपरांवर सांगाड्यांचे रान माजले. उत्तरायणाच्या पतंगांना तो काळ शत्रूसारखा गेला. मांज्याचे गुंते आणि फाटलेले पतंग वर्षभर अँटेनांवर लोंबत. माकडांना मात्र ती सोय झाली. एका रामायणाच्या रविवारी एका वानराने आमच्या आळीतला अँटेना धरून झोका घेतला आणि ऐन लंकादहनात तीन घरांतले चित्र गेले, तेव्हा तक्रार कोणाविरुद्ध करावी हे कोणालाच कळेना.

परंतु १९८५ ची गोष्ट मी भरभर सांगणार नाही. त्या वर्षी पीजचा प्रक्षेपक तिथून काढून मद्रासला नेण्यात आला. मद्रास शहराला दुसरी वाहिनी हवी होती. खेड्यातल्या लोकांनी विरोध केला, पण त्याचा उपयोग झाला नाही. ज्या गावांनी दहा वर्षे स्वतःच्या बोलीत स्वतःची नाटके पाहिली, जागतिक पुरस्कार ज्यांच्यामुळे मिळाला, त्यांच्याकडचे यंत्र एका महानगराला दुसरी वाहिनी मिळावी म्हणून गेले. त्यांना दिल्लीचे चित्र पुढेही मिळत राहिले, हे खरे. पण ती म्हैस पडद्यावरून गेली ती गेलीच. त्या दिवसाची सरांची नोंद अशी: 'वायव्य : काही नाही.' हा शब्द ते आजवर दक्षिणेपुढे लिहीत आले होते.

मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट मध्यवर्ती वाटते. घरच्या अँटेनाची दिशा आपल्या हातात असते. मनोरा आपल्या हातात नसतो. नळ्या आपण कापतो, गच्चीवर आपण चढतो, वादळात पडलेला खांब आपण उभा करतो, आणि एक दिवस दूर कुठेतरी एक कागद निघतो आणि त्या दिशेला काहीच उरत नाही. सरांचा समज असा होता की आपण चिकाटीने अँटेना रोखून धरला तर मनोरा कधी तरी जवळ येईल. शहरात इतके मराठी लोक आहेत, त्यांच्यासाठी कोणी तरी विचार करील. या एका बाबतीत, त्यांची क्षमा मागून म्हणतो, सर चुकले. मराठी आपल्याकडे आली ती जमिनीवरच्या मनोऱ्यावरून आली नाही. १९९१ नंतर केबल आली, १९९४ मध्ये दूरदर्शनची मराठी वाहिनी उपग्रहावर गेली, आणि थाळी व तार यांच्या वाटेने ती वडोदऱ्यातल्या घरांत उतरली. आजी १९८८ मध्ये गेल्या होत्या. सर १९९३ च्या डिसेंबरात गेले.

केबल आल्यावर अँटेना काही वर्षे नुसतेच उभे राहिले. कोणी त्यांना कपडे वाळत घालायची दोरी बांधली, आणि आमच्या गल्लीत दोन घरांनी त्यांच्या खांबाला गुढी बांधली. पाडव्याला तो उपयोग मला तरी शोभेसा वाटला. मग भंगारवाल्याने किलोच्या भावाने ते नेले.

आता अलीकडची हकीकत. २०१६ मध्ये दूरदर्शनने देशातल्या सोळा शहरांत जमिनीवरून अंकीय प्रक्षेपण सुरू केले. त्यात मुंबई, इंदूर, औरंगाबाद, अहमदाबाद होते, वडोदरा नव्हते. माझी कन्या अहमदाबादला असते. तिच्या सज्जात मी एक अंकीय ग्राहक-पेटी आणि हातभर लांबीचा अँटेना लावून पाहिला. कंप्रता वाढल्याने नळ्या आखूड झाल्या होत्या: ५०० मेगाहर्ट्झची लहर साठ सेंटीमीटरची, नळी तिच्या निम्म्याने. आमच्या 'मारुती'चे हे नातवंड खिशात मावले असते. चित्र लख्ख! जुन्या काळी एका वाहिनीला जेवढी जागा लागे तेवढ्यात पाच वाहिन्या. भोवती उंच इमारती असूनही सावलीचे दुहेरी चित्र नाही, कारण या पद्धतीत माहिती हजारो बारीक वाहक-लहरींवर वाटून पाठवतात आणि दोन ठोक्यांमध्ये थोडा मोकळा अवकाश ठेवतात. भिंतीवरून उशिरा आलेला प्रतिध्वनी त्या अवकाशात विरून जातो. मी शिक्षक माणूस, मला तिथेच सज्जात उभे राहून जावयांना हे समजावून सांगण्याचा मोह आवरला नाही. जावई सुस्वभावी आहेत.

ती पेटी मी वडोदऱ्याला आणली. एका माजी विद्यार्थ्याने मोठा, बारा नळ्यांचा अँटेना करून दिला. सरांच्या वाड्याच्या जागी आता चार मजली इमारत आहे; तिच्या गच्चीवर तो वायव्येकडे रोखला. शंभर किलोमीटर. आठ महिने रोज सकाळ-संध्याकाळ पाहिले. जुन्या पद्धतीत लहर दुबळी झाली तर चित्रही दुबळे होई, पण होई. मुंग्यांतून चेहरा ओळखता येई. अंकीय पद्धतीत तसे नाही. एका मर्यादेपर्यंत चित्र निर्दोष, आणि त्याच्या खाली एक पायरी उतरली की काळोख. फेब्रुवारी २०१७ मध्ये एका धुक्याच्या सकाळी पडद्यावर काही रंगीत चौकोन गोठून उभे राहिले, कोणाचा तरी खांदा असावा, आणि गेले. मे १९७९ ची ती रात्र अंकीय असती तर आजींना काहीही दिसले नसते, हे मला त्या सकाळी उमगले.

जपानमध्ये जुने प्रक्षेपण २४ जुलै २०११ रोजी बंद झाले, अमेरिकेत त्याआधी १२ जून २००९ रोजी. परंतु त्या देशांत अंकीय प्रक्षेपणासाठी घरांवरचे अँटेना टिकून राहिले, यागी-उदांच्या मायदेशी तर विशेषच. आपल्याकडे २०२१-२२ मध्ये प्रसार भारतीने, पन्नासेक मोक्याची ठिकाणे वगळता, जुन्या पद्धतीचे प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद केले. पाहणारे उरले नव्हते, खर्च होत होता, आणि मोकळी होणारी कंप्रता इतर कामांना हवी होती. ही कारणे खोटी नाहीत. विनामूल्य पाहायचे तर दूरदर्शनची उपग्रह-थाळी आहे, आणि तीत मराठीही आहे. मी हिशेबाविरुद्ध बोलत नाही. फक्त एवढेच की थाळी आकाशात एका ठराविक बिंदूकडे पाहते. सगळ्या शहराच्या थाळ्यांचे तोंड एकीकडेच. कोणाचे घर कुठे पाहते आहे, हे आता गच्चीवरून ओळखता येत नाही.

सरांची वही मी आज शाळेच्या स्वाधीन करीत आहे. १९७६ ते १९८६ या काळातल्या नोंदी तीत आहेत. शाई पुसट झाली आहे, पण वाचता येते. 'मारुती'ची मुख्य नळीही माझ्याकडे निघाली, तीही पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत ठेवावी अशी विनंती मी मुख्याध्यापकांना केली आहे आणि त्यांनी ती मान्य केली आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या माळ्यावर त्या काळचे दूरचित्रवाणीचे परवाना-पुस्तक, बूस्टरची पेटी, चपट्या तारेचे वेटोळे किंवा पीजच्या कार्यक्रमांची एखादी आठवण लिहून ठेवलेली असेल, तर ती शाळेकडे आणून द्यावी. वहीची शेवटची काही पाने सरांनी कोरीच ठेवली आहेत.